किमान रक्कम

कराड,
१० जुलै २०२५

चि. बाळास,

परवा सकाळी सात चाळीसला माझा फोन वाजला. मी देवापुढे दिवा लावत होते. दादा गेला तेव्हाही फोन असाच सकाळी आला होता, त्यामुळे हात कापतच उचलला. पलीकडच्या माणसाने तुझं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "हे तुमचे कोण?" भाचा म्हटल्यावर तो सांगत सुटला. क्रेडिट कार्डाचे ऐंशी हजार थकलेत, दोन महिने काहीच जमा झालेलं नाही, तू फोन उचलत नाहीस, अर्जात माझा नंबर दिलेला आहेस. शेवटी म्हणाला, "घरी माणसं पाठवावी लागतील." कुणाच्या घरी, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. वहिनीच्या दारात असं कुणी उभं राहिलं तर, या विचाराने दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही.

वहिनीला मी अजून काही बोललेले नाही. तुला मात्र बोलणार आहे.

दिवाळीत नवा फोन दाखवलास, गोव्याच्या सहलीचे फोटो दाखवलेस, तेव्हा मी विचारलं होतं, हे सगळं कसं झेपतं रे? तू म्हणालास, "आत्या, कार्डावर घेतलंय. मिनिमम ऑटोवर लावलंय, आपोआप जातं." सव्वीस वर्षं मी पतसंस्थेत कर्जखात्याच्या टेबलावर बसले, आणि तेव्हा गप्प राहिले. सणासुदीला फराळाच्या ताटावर हिशोब कुठे काढायचा, म्हणून. तिथेच तुझा कान धरायला हवा होता.

आता हिशोब काढते, तो नीट वाच. बाकी ऐंशी हजार. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू, बहुतेक कार्डांचं त्याच्याच आसपास असतं. म्हणजे २,८०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५०४. झाले ३,३०४. किमान रक्कम बाकीच्या पाच टक्के धरली तर चार हजार. तू चार हजार भरलेस की मुद्दल किती उतरलं? ६९६ रुपये. आणि त्याच महिन्यात दोनदा बाहेर जेवलास की तेही परत चढलं. बिलावर 'किमान देय' ही चौकट ठळक असते आणि माणसाला वाटतं, एवढं भरलं की आपण सुटलो. सुटतो तो फक्त उशिराच्या दंडातून. व्याज चालूच राहतं.

कार्ड वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या शेजारणीची लेक पाच वर्षं वापरते आहे, एक रुपया व्याज दिलेलं नाही. तिचं बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं, भरायची मुदत २५. सहा जूनला केलेली खरेदी ५ जुलैच्या बिलात येते आणि २५ जुलैला भरायची, म्हणजे जवळजवळ पन्नास दिवस बिनव्याजी. पण ही सवलत पूर्ण बिल भरणाऱ्यालाच. थोडी जरी बाकी मागे ठेवलीस तर पुढची प्रत्येक खरेदी, अगदी चहाबिस्किटांचीसुद्धा, त्याच दिवसापासून व्याजात जाते. ऑटो डेबिट लावताना दोन पर्याय असतात, 'संपूर्ण रक्कम' आणि 'किमान रक्कम'. तिने पहिला निवडला, तू दुसरा. आणि कार्डावर एटीएममधून रोख काढली असशील तर त्यावर एक दिवसही सवलत नाही, वर काढण्याचं शुल्क वेगळं. काढली आहेस का? खरं सांग.

साडेतीन टक्के ऐकायला लहान वाटतं. वर्षाचे बेचाळीस होतात. आपल्याकडे याला शेकडा साडेतीन म्हणतात, आणि या दराने पैसे घेणाऱ्याच्या घरी लोक सोयरीक करत नसत. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवाना असलेल्या सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. कार्डाला तशी मर्यादा नाही. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा दर कुणी खाली आणील याची वाट बघू नकोस.

इतकं कडक लिहिते आहे त्याला कारण आहे. आजीच्या पाटल्यांची गोष्ट घरात कुणी तुला सांगितली नसणार.

१९९३ साली माझ्या नणंदेचं लग्न होतं. पंधरा हजार कमी पडत होते. मी पतसंस्थेत नोकरीला, पण तिथे अर्ज केला तर सगळ्यांना कळेल म्हणून लाज वाटली. पेठेतल्या एका सावकाराकडे गेले. शेकडा तीन. तारण म्हणून आईने लग्नात घातलेल्या दोन पाटल्या ठेवल्या. दर महिन्याला ४५० रुपये व्याज नेऊन द्यायचे, आणि दिले की मला अगदी हलकं वाटायचं. या महिन्याचं भागलं! अडतीस महिने मी व्याज दिलं. बेरीज कर, १७,१०० होतात. मुद्दल पंधराचे पंधरा हजार. मग तुझ्या आतोबांचं ऑपरेशन निघालं, हप्ते चुकले आणि पाटल्या गेल्या. आईने पुढे एकदा विचारलं, "पाटल्या घालत नाहीस हल्ली?" मी म्हटलं, कामात अडकतात. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. तिला कळलं होतं की नव्हतं, हे मला आजही ठाऊक नाही.

दादाला शेवटी सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "पहिल्या महिन्यातच सांगितलं असतंस तर मी सोसायटीचं कर्ज काढलं असतं." त्याला ते दहा-बारा टक्क्यांनी मिळत होतं. पंधरा हजार ही काही फार मोठी रक्कम नव्हती, बाळा. मी सांगितलं नाही म्हणून ती मोठी झाली.

तूही तेच करतो आहेस. फोन उचलत नाहीस, आईला सांगत नाहीस, मला सांगत नाहीस.

आता घाबरू नकोस. त्या माणसाचा फोन आठच्या आत आला होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही, नातेवाइकांना त्रास देता येत नाही. मी तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवला आहे. बँकेकडे लेखी तक्रार करू, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. देणं मात्र आपलं आहे, ते द्यायचंच. कुणी 'सेटलमेंट'चं गाजर दाखवेल, अर्ध्यात मिटवू म्हणेल. लगेच हो म्हणू नकोस. सिबिलच्या नोंदीत 'सेटल्ड' हा शब्द वर्षानुवर्षं राहतो, आणि उद्या घराच्या कर्जाला गेलास की तोच आडवा येतो.

माझी एक लाखाची ठेव पुढच्या महिन्यात मुदत पुरी करते. थोडं आधी मोडली तर थोडं व्याज कमी येईल, येऊ दे. कार्डाची बाकी एकरकमी भरू, बँकेकडून थकबाकी नसल्याचं पत्र घेऊ. मला तू महिन्याला पाच हजार दे, जमेल तसं दे, व्याज नको. कार्ड ठेवायचं की बंद करायचं ते तुझं तू ठरव. ठेवलंस तर ऑटोचा पर्याय माझ्यासमोर बदल.

वहिनीला तूच सांग. मी शेजारी बसेन. ती रडेल, पण दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर जास्त रडेल. दादा असता तर त्याने हे पत्र लिहिलं नसतं, सरळ हिंजवडीला येऊन तुझ्या खोलीत बसला असता. माझे गुडघे तेवढं करू देत नाहीत.

शनिवारी रात्री स्वारगेटहून एसटी धर. गेल्या सहा महिन्यांची बिलं घेऊन ये, लपवलेलीही. पहाटे कितीही वाजता पोचलास तरी बेल वाजव, मी जागीच असते.

तुझी,
आत्या