एकेक डोळा स्वतंत्रपणे तपासा

वयोमानामुळे होणारा पीतबिंदूचा ऱ्हास : घरची देखरेख व उपचार
भिलाई-दुर्ग परिसरातील मराठी भाषक ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी माहितीपत्रक



आपल्या डोळ्याच्या मागील बाजूस प्रकाश टिपणारा नाजूक पडदा असतो; त्यास दृष्टिपटल म्हणतात. या पटलाच्या मध्यभागी अवघ्या काही मिलिमीटरांचा एक भाग आहे. तो पीतबिंदू, अर्थात मॅक्युला होय. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, औषधाच्या वेष्टनावरील बारीक अक्षर पाहणे ही सर्व कामे या लहानशा भागावर अवलंबून असतात. पन्नाशीनंतर काही व्यक्तींमध्ये हा भाग झिजू लागतो. यास वयोमानामुळे होणारा पीतबिंदूचा ऱ्हास म्हणतात. यात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी गळत नाही. म्हणूनच तो वेळेवर ओळखण्याची जबाबदारी बऱ्याच अंशी रुग्णावर व त्याच्या घरच्यांवर येते.

हे पत्रक भिलाईकरांसाठी का?

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. त्यानंतरच्या दशकांत विदर्भातून व उर्वरित महाराष्ट्रातून अनेक कुटुंबे येथे नोकरीनिमित्त आली आणि येथेच स्थिरावली. त्या पिढ्या आता निवृत्त झाल्या असून या आजाराच्या वयोगटात आहेत.

भट्टीच्या उष्णतेमुळे मोतीबिंदू होतो, ही गोष्ट कारखान्यातील जुन्या कर्मचाऱ्यांना परिचित आहे व ती खरीही आहे. दीर्घकाळ उष्ण किरणांसमोर काम केल्यास डोळ्यातील भिंग गढूळ होऊ शकते. परंतु त्यामुळे अंधुक दिसू लागले की, ‘मोतीबिंदूच असेल, पिकला की शस्त्रक्रिया करू,’ अशी समजूत करून घेतली जाते. मोतीबिंदू काही महिने थांबू शकतो. पीतबिंदूचा ओला प्रकार थांबत नाही. काही आठवड्यांतच तो कायमची हानी करू शकतो. शिवाय मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी झिजलेला पीतबिंदू तिने बरा होत नाही. यासाठी अंधुक दिसण्याचे कारण स्वतः न ठरवता बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी.

दोन प्रकार

*कोरडा प्रकार* अधिक आढळतो. दृष्टिपटलाखाली ड्रुसेन नावाचे पिवळसर साठे जमतात आणि पीतबिंदूतील पेशी हळूहळू क्षीण होतात. हा बदल बहुधा वर्षानुवर्षे चालतो.

*ओला प्रकार* तुलनेने कमी जणांना होतो, परंतु या आजारातील तीव्र दृष्टिनाशास मुख्यत्वे तोच कारणीभूत असतो. यात दृष्टिपटलाखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात. त्यांतून द्रव व रक्त झिरपते, पटल उचलले जाते आणि सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. कोरड्या प्रकाराचे रूपांतर ओल्या प्रकारात केव्हाही होऊ शकते. म्हणून कोरडा प्रकार असलेल्यांनीही देखरेख चालू ठेवणे आवश्यक आहे.

चांगला डोळा बिघाड लपवतो

आपण दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहतो. एका डोळ्याचे मधले दिसणे बिघडले तरी दुसरा डोळा ती उणीव भरून काढतो. त्यामुळे रुग्णास महिनोन्‌महिने काहीच जाणवत नाही. दुसरा डोळाही बिघडला की मगच तक्रार सुरू होते. तोवर पहिल्या डोळ्याच्या उपचाराची वेळ निघून गेलेली असते. यावरील उपाय अगदी साधा व बिनखर्चाचा आहे : प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासणे.

घरी करावयाची तपासणी

स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क ॲम्स्लर यांच्या नावाने ओळखली जाणारी जाळी यासाठी जगभर वापरतात. ती घरीही काढता येते. पांढऱ्या कागदावर १० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौरस आखावा. त्यात अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने उभ्या व आडव्या रेषा काढाव्यात आणि मधोमध एक ठळक ठिपका द्यावा.

१. वाचनाचा चष्मा असल्यास तो लावावा. चांगल्या प्रकाशात कागद सुमारे ३० सेंटिमीटरवर धरावा.
२. तळहाताने एक डोळा झाकावा. डोळ्यावर दाब देऊ नये.
३. उघड्या डोळ्याने केवळ मधल्या ठिपक्याकडे पाहावे. नजर न हलवता भोवतालच्या रेषा सरळ आहेत का, कोठे वाकलेल्या, पुसट वा तुटलेल्या आहेत का, हे ध्यानात घ्यावे.
४. हीच कृती दुसऱ्या डोळ्याने करावी.

ज्यांना आजाराचे निदान झाले आहे त्यांनी ही तपासणी शक्यतो रोज करावी. कागद हाताशी नसल्यास खिडकीचे गज, दाराची चौकट किंवा न्हाणीघरातील फरशांच्या सांध्यांकडे एकेका डोळ्याने पाहावे. सरळ रेष वाकडी दिसणे, वाचताना मधली अक्षरे गळणे किंवा चेहऱ्याच्या मध्यभागी डाग दिसणे, यांपैकी काहीही नव्याने आढळल्यास पुढच्या नियोजित भेटीची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात, शक्य तितक्या लवकर, नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मात्र जाळी सरळ दिसली म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेली तपासणी टाळू नये; आरंभीचे काही बदल केवळ यंत्रावरच दिसतात.

रुग्णालयातील तपासणी

थेंब घालून बाहुली मोठी केली जाते व दृष्टिपटल पाहिले जाते. ओसीटी या यंत्राने पटलाच्या थरांचे चित्र घेतात; त्यात साचलेला द्रव स्पष्ट दिसतो. या तपासणीस इंजेक्शन वा वेदना नाही. गरजेनुसार हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन रक्तवाहिन्यांची छायाचित्रेही घेतली जातात. बाहुली मोठी केल्यावर काही तास उजेड खुपतो. स्वतः वाहन चालवत जाऊ नये.

भिलाईतील सेक्टर ९ चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय, सुपेला येथील शासकीय रुग्णालय, दुर्गचे जिल्हा रुग्णालय किंवा रायपूरच्या टाटीबंध भागातील एम्स यांपैकी जे सोयीचे असेल तेथे प्रथम चौकशी करावी. दृष्टिपटलतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात व ओसीटीची सोय आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

ओल्या प्रकारावरील उपचार

नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनास रोखणारे औषध डोळ्याच्या आत इंजेक्शनाने दिले जाते. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट व बेव्हॅसिझुमॅब ही त्यांतील प्रचलित औषधे. डोळा बधिर केला जात असल्याने वेदना अल्प असते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. बेव्हॅसिझुमॅब मूलतः कर्करोगावरील औषध असून स्वस्त आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या तुलनात्मक चाचणीत ते दृष्टी राखण्यात रॅनिबिझुमॅबच्या तोडीचे ठरले. त्याच्या एका कुपीतून अनेक मात्रा काढल्या जातात. तेव्हा ही विभागणी निर्जंतुक व्यवस्थेत होते का, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

सामान्यतः आरंभी दरमहा एक अशी तीन इंजेक्शने देतात. पुढे ओसीटी पाहून अंतर वाढवतात. येथे एक गैरसमज उपचारास घातक ठरतो. ‘तीन इंजेक्शने झाली, पूर्वीसारखे दिसत नाही, मग पुढे कशाला?’ असे म्हणून अनेक जण थांबतात. या उपचाराचे पहिले उद्दिष्ट उरलेली दृष्टी टिकवणे हे आहे. काहींची दृष्टी सुधारते, सर्वांची नाही. दृष्टी आहे तेथेच टिकली, तर उपचार यशस्वी होत आहे असे समजावे. थांबल्यास गळती पुन्हा सुरू होऊ शकते.

इंजेक्शनानंतरच्या काही दिवसांत वाढती वेदना, लाली, उजेड असह्य होणे किंवा दृष्टी घटणे असे आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डोळ्याच्या आतील जंतुसंसर्ग क्वचित होतो, परंतु तो तातडीचा प्रसंग आहे.

अनेक ज्येष्ठ सणासुदीला किंवा उन्हाळ्यात मुलांकडे नागपूर, पुणे येथे महिनोन्‌महिने राहतात. अशा वेळी ओसीटीची चित्रे, औषधाचे नाव व इंजेक्शनांच्या तारखा असलेली फाइल सोबत न्यावी आणि पुढील इंजेक्शन कोठे घ्यावयाचे हे निघण्यापूर्वी ठरवावे.

कोरड्या प्रकारात काय करावे?

विडी-सिगारेट तत्काळ सोडावी. टाळता येण्याजोग्या कारणांत धूम्रपान सर्वांत मोठे आहे. रक्तदाब नियंत्रणात ठेवावा. लाल भाजी, पालक, शेवग्याचा पाला, मका व चालत असल्यास अंडी यांचा आहारात समावेश करावा. आजार मध्यम अवस्थेत असल्यास किंवा एका डोळ्यात तो पुढे गेला असल्यास डॉक्टर विशिष्ट गोळ्या सुचवतात. क आणि ई जीवनसत्त्वे, जस्त, तांबे, ल्युटीन व झिॲक्झँथिन यांच्या ठरावीक मात्रेच्या या गोळ्यांनी आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटतो. प्रारंभिक अवस्थेत त्यांचा लाभ दिसलेला नाही. म्हणून स्वतःहून घेऊ नयेत. धूम्रपान करणाऱ्यांनी व पूर्वी केलेल्यांनी बीटा-कॅरोटीन असलेल्या गोळ्या टाळाव्यात. त्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

कुटुंबीयांसाठी

दृष्टी बरीच घटलेल्या काही ज्येष्ठांना नसलेली माणसे, फुले वा नक्षी दिसते. हे वेड नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. अपुऱ्या दृश्यसंदेशांमुळे मेंदू स्वतः चित्रे निर्माण करतो. त्यांची थट्टा करू नये, डॉक्टरांना सांगावे. भिंग, चांगला दिवा, ठळक अक्षरांचा मोबाइल व जिन्याच्या कडेला रंगीत पट्टी यांनी दैनंदिन व्यवहार सुकर होतो. या आजारात बाजूची दृष्टी सहसा शाबूत राहते, त्यामुळे घरात वावरण्याची क्षमता टिकवता येते.

खर्चासाठी साहाय्य

७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांस, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते. आपले इंजेक्शन त्यात किंवा आपल्या निवृत्तांच्या मेडिक्लेम योजनेत समाविष्ट आहे का, हे उपचारापूर्वी रुग्णालयाच्या कक्षात विचारावे. आयुष्मान मदतवाहिनी : १४५५५.

ध्यानात ठेवा

• पन्नाशीनंतर बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्या.
• एकेक डोळा झाकून जाळी पाहा.
• रेष वाकली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.
• डॉक्टरांच्या सल्ल्याविना इंजेक्शने थांबवू नका.

जनहितार्थ प्रसारित. हे पत्रक वाचून झाल्यावर घरातील वा शेजारच्या ज्येष्ठांस वाचून दाखवावे.