हिरवं औषध आणि काळापांढरा फोटो

प्रश्न : आईच्या डोळ्यात पडद्याखाली रक्त साकळलं म्हणून डॉक्टरांनी अँजिओग्राफी करायला सांगितली. हाताच्या शिरेतून गडद हिरवं औषध दिलं, पण फोटो आले ते काळेपांढरे. तिथले तंत्रज्ञ म्हणाले, ‘याची चमक माणसाला दिसत नाही, कॅमेऱ्यालाच दिसते.’ दिसायचीच नाही तर मग रंग कशाला? आणि वडिलांच्या हृदयातले ब्लॉकही या औषधानं दिसतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आज रात्री खोलीतला दिवा मालवा आणि टॉर्च तळहाताखाली धरून लावा. हात लालभडक दिसेल. टॉर्चच्या पांढऱ्या प्रकाशातला निळा-हिरवा भाग रक्तातलं हिमोग्लोबिन गिळून टाकतं, लाल तेवढा पार होतो. या लालच्याही पलीकडे प्रकाश आहे, हे १८०० साली विल्यम हर्शेल यांना थर्मामीटरमुळे कळलं. वर्णपटात लाल पट्टा संपतो त्याच्या पुढे ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा चढला होता! तो हा अवरक्त प्रकाश. त्यातला लालच्या लगतचा भाग रक्त फारसा अडवत नाही. आणखी पुढे गेलं की शरीरातलं पाणी तो शोषायला लागतं. या दोन अडथळ्यांच्या मध्ये, साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या दरम्यान, एक खिडकी उघडी राहते.

तुमच्या आईंना दिलेलं औषध म्हणजे बहुधा इंडोसायनिन ग्रीन, डॉक्टरांच्या बोलण्यातलं ‘आयसीजी’. ते नेमकं या खिडकीत काम करतं. रक्तात मिसळल्यावर ते ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं आणि ८३०च्या आसपासचा परत सोडतं. कॅमेऱ्यापुढची गाळणी पहिला अडवते आणि दुसरा आत घेते. त्या प्रकाशाला डोळ्यांना ओळखता येईल असा रंगच नाही, कमीजास्त उजेड तेवढा नोंदला जातो, म्हणून फोटो काळापांढरा. सिरिंजमधला हिरवा रंग म्हणजे औषधानं न शोषलेला, उरलासुरला प्रकाश. तपासणीला त्याचा काही उपयोग नाही.

हे औषध मुळात डोळ्यांसाठी नव्हतंच. फोटोच्या फिल्म बनवणाऱ्या कोडॅकच्या प्रयोगशाळेतून ते आलं आणि १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं हे मोजायला वापरलं गेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तेव्हा दुसराच रंग येऊ घातला होता, फ्लुरोसीन. इंडियाना विद्यापीठातल्या नोव्होटनी आणि अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १९६१मध्ये त्याच्या साहाय्यानं पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढून दाखवले. ती तपासणी आजही रोज होते, आणि मधुमेहानं बिघडलेल्या पडद्यासाठी उत्तमच आहे. पण फ्लुरोसीनला निळा प्रकाश लागतो. पडद्यामागे गडद रंगद्रव्याचा थर आहे, तो निळा प्रकाश अडवतो. त्या थराखालच्या ‘कोरॉइड’मधल्या रक्तवाहिन्यांतून फ्लुरोसीन झिरपतंही, त्यामुळे तिथलं चित्र धुकट होतं. आयसीजीचा प्रकाश त्या थरातून पार होतो आणि रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटल्यामुळे ते औषध बहुतांशी वाहिनीतच राहतं. कोरॉइडमधल्या वाहिन्यांना द्राक्षांसारखे फुगवटे येण्याचा एक आजार आहे, तो गोऱ्या लोकांपेक्षा आशियाई लोकांत जास्त आढळतो. पडद्याखाली रक्त साकळलेल्या रुग्णात डॉक्टर हे फुगवटे शोधतात, आणि ते सगळ्यात स्पष्ट दिसतात ते आयसीजीमध्येच. आईंच्या तपासणीमागे हेच कारण असावं असं मला वाटतं.

लघवी पिवळी झाली नाही म्हणून शंका घेऊ नका. तसं फ्लुरोसीननं होतं. आयसीजी यकृत उचलतं आणि पित्तावाटे बाहेर टाकतं. रक्तातलं निम्मं औषध तीन-चार मिनिटांतच निघून जातं. एक मात्र आवर्जून सांगतो : यात थोडं आयोडाइड असतं. पुन्हा कधी तपासणी करायची वेळ आली आणि आईंना आयोडीनची ॲलर्जी असेल, तर सुई टोचण्याआधीच सांगा.

आता वडिलांचं. हा प्रकाश खिडकीतून आत येतो खरा, पण फार खोल जात नाही, जेमतेम सेंटिमीटरभर. त्यामुळे मेंदूतला रक्तवाहिनीचा फुगा क्लिप लावून बंद केल्यावर, कवटी उघडी असतानाच, सर्जन आयसीजी देऊन सूक्ष्मदर्शकातून खात्री करतात. पायाच्या बायपासनंतर बोटांच्या कातडीपर्यंत रक्त पोचलं का, हेही पाहता येतं. बंद छातीतलं हृदय बाहेरून दिसत नाही. कॅथलॅबमधली अँजिओग्राफी म्हणजे एक्स-रे. तिच्यात वाहिनीची पोकळी किती अरुंद झाली ते कळतं, भिंतीत साचलेली चरबी किती धोक्याची आहे ते कळत नाही. २०११मध्ये संशोधकांनी सशांना आयसीजी दिलं. ते वाहिनीच्या भिंतीतल्या चरबीच्या, सुजलेल्या थरांत जाऊन बसलं आणि वाहिनीत सरकवलेल्या बारीक कॅथेटरनं त्याची चमक टिपली. मला या दिशेबद्दल मोठी आशा आहे. पण वडिलांच्या ब्लॉकसाठी आज ही तपासणी मागू नका. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी साधी अँजिओग्राफी सांगितली असेल, तर तीच करून घ्या.