मुलगा चकमकीहून परतला, पण बदलला

प्रश्न : माझा २३ वर्षांचा मुलगा सीमेवरच्या चकमकीनंतर सुट्टीवर आला आहे. वरातीत फटाका वाजला की भिंतीला पाठ लावतो, रात्र जागून काढतो, धाकट्यावर खेकसतो. त्याचा स्वभाव बिघडला का?
– एक वडील, सेनगाव तालुका, जि. हिंगोली

उत्तर : स्वभाव बिघडलेला नाही. जी सावधगिरी तिकडे जीव वाचवते, ती घरी आल्यावर लगेच उतरत नाही. एखादा सोबती गेला असेल, तर आपण वाचलो, हेही मनाला खात राहतं. लढाईत कस लागतो तो माणुसकीचा. ९ एप्रिल १९४५ ला दुसऱ्या महायुद्धात इटलीत सेनिओ नदीवर मराठा पलटणीतल्या शिपाई नामदेव जाधवांनी गोळीबारातून आधी दोन जखमी सोबत्यांना सुखरूप नेलं, मग शत्रूची ठाणी मोडली. शौर्यात सोबत्यांची अशी काळजीही असते; ती मनात घेऊन परतलेल्या तुमच्या मुलाची धास्ती म्हणजे भित्रेपणा नव्हे.

‘किती मारले?’ असं कुणालाही विचारू देऊ नका. हळदीच्या रानात सोबत न्या. बोलला तर मध्ये न तोडता ऐका. दारूकडे लक्ष ठेवा. त्रास महिनाभर टिकला तर मनोविकारतज्ज्ञांना किंवा युनिटच्या डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत, २४ तास चालू असतो. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.