मुलगी म्हणते, साहित्यात संशोधन करायचंय

"सर, याला स्कोप काय?"

कोथरूडमध्ये राहून मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो आहे. निकालाचे दिवस आले की हा प्रश्न घरी येतोच. परवा आलेल्या वडिलांनी तो खुर्चीत टेकता टेकताच विचारला. मोठा मुलगा इंजिनिअर होऊन हिंजवडीत लागलेला, धाकटीला बारावीला उत्तम गुण. आणि ती म्हणते, इंग्रजी घेऊन बी.ए. करणार, पुढे संशोधन करणार. आईच्या हातात वही होती, तिनं प्रश्न लिहूनच आणले होते: किती वर्षं, किती खर्च, नोकरी कुठे. मुलगी गप्प बसून होती. मी तिला विचारलं, "तुला नक्की काय शोधायचंय?" ती म्हणाली, "आजी मला गोष्टी मराठीत सांगायची. शाळेत मी त्याच इंग्रजीत लिहायचे. लिहिताना दर वेळी काहीतरी हातातून सुटायचं. ते काय सुटतं, ते बघायचंय."

एम.ए. झालेले विद्यार्थीसुद्धा इतक्या नेमक्या शब्दांत सांगू शकत नाहीत. साहित्यातलं संशोधन म्हणजे कादंबऱ्या वाचत बसणं, ही समजूत आधी बाजूला ठेवा. कादंबऱ्या वाचाव्या लागतातच, पण संशोधन सुरू होतं ते असा एखादा प्रश्न डोक्यात घर करून बसतो तेव्हा. ज्याच्याकडे प्रश्न नाही त्यानं केवळ नावामागे 'डॉ.' लागावं म्हणून या वाटेला जाऊ नये, मग गुण कितीही असोत.

स्कोपचं उत्तर देताना मला नेहमी आपल्याच कर्वे रस्त्यावरचं घराणं आठवतं. महर्षी धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. 1900 साली त्यांनी आपला विधवांसाठीचा आश्रम हिंगण्याला नेला आणि 1916 साली तिथेच महिला विद्यापीठ सुरू केलं. त्या विद्यापीठाचं धोरण ऐका: शिकवणं मातृभाषेतून, आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. मराठी की इंग्रजी, यावर आज आपण सोसायटीच्या सभेत भांडतो. त्या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वी इथं हाकेच्या अंतरावर उत्तर दिलं गेलं होतं: दोन्ही. महर्षींच्या सूनबाई इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ, डेक्कन कॉलेजात संशोधन करणाऱ्या. त्यांचं 'युगान्त' मराठीत 1967 साली आलं, त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि 1969 साली ते इंग्रजीत त्यांनी स्वतःच नेलं. त्यांची मुलगी गौरी देशपांडे. इंग्रजी साहित्यात एम.ए., त्यातच पीएच.डी., इंग्रजीची प्राध्यापकी. कविता इंग्रजीत लिहिल्या, कथा-कादंबऱ्या मराठीत. रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी 'अरेबियन नाइट्स'चं सोळा खंडांत मराठी भाषांतर केलं आणि सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' इंग्रजीत नेलं. साहित्याचा अभ्यास, भाषांतर आणि इंग्रजीचं अध्यापन या तीन वेगवेगळ्या खोल्या नाहीत, हे एवढ्या एका नावावरून कळावं.

आता या तिन्हींत आज नेमकं काय शोधलं जातं, ते सांगतो, कारण पालकांना हेच कुणी सांगत नाही.

साहित्याचं सगळ्यात चिकाटीचं काम पाहायचं तर नळ स्टॉपला वळा आणि लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जाऊन या. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथं 1919 ते 1966 अशी जवळजवळ अर्धं शतक सिद्ध होत होती. देशभरातल्या हस्तलिखितांतला एकेक श्लोक पडताळून जुना पाठ ठरवायचा, असं ते काम. 1925 पासून त्याची धुरा ज्यांनी वाहिली ते वि. सी. सुखटणकर आधी केंब्रिजला गणित शिकलेले होते. गणिताची शिस्त साहित्यात वाया जात नाही, हे मी विज्ञान शाखेतून इकडे वळू पाहणाऱ्या मुलांना आवर्जून सांगतो. उलट दिशेचं उदाहरण अशोक केळकरांचं. त्यांनी पुणे विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात एम.ए. केलं, अमेरिकेत कॉर्नेलला भाषाविज्ञानात पीएच.डी. केली आणि परत येऊन डेक्कन कॉलेजात मराठीच्या अभ्यासाला नवी शिस्त लावली. त्यांच्या 'रुजुवात'ला 2010 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजीत शिकलेला माणूस मराठीला केवढं देऊ शकतो!

भाषांतराबद्दल वडिलांनी लगेच अडवलं. "पण ते तर आता मोबाइल करतो ना?" रास्त शंका आहे. व्यवहारातलं पुष्कळ भाषांतर यंत्राकडे गेलं आहे, आणखी जाईल. माहितीपत्रकं आणि सूचनांच्या भाषांतरावर मुलीनं आयुष्य उभं करू नये, हे मीही सांगेन. पण इंग्रजीतला एक साधा 'वुई' घ्या. मराठीत त्याचं 'आम्ही' करायचं की 'आपण'? समोरच्याला आपल्यात धरलंय की बाहेर ठेवलंय, ते इंग्रजी सांगत नाही, मराठीला मात्र सांगावंच लागतं. 'यू'चे तू, तुम्ही, आपण. नवऱ्याला 'अहो' म्हणणारी बाई एका प्रसंगात 'अरे' म्हणते, तेव्हा सगळं नातं हललेलं असतं, आणि इंग्रजीत ते नेताना भाषांतरकाराला दुसरीकडून वाट काढावी लागते. 'उष्टं' या शब्दामागे स्वच्छतेची, जातीची, मायेची केवढी गर्दी आहे! हे निर्णय माणसं कशी घेतात, पूर्वी कशी घेत, दलित आत्मकथनांची बोली इंग्रजीत जाताना गुळगुळीत का होते, हे भाषांतर अभ्यासाचे प्रश्न आहेत. आणि यंत्राला मराठी शिकवायची तरी तेच काम पुन्हा येतं. भाषा-तंत्रज्ञानावर काम करणारं सी-डॅक आपल्या विद्यापीठाच्याच आवारात वाढलं. अशा ठिकाणी प्रोग्रॅमरच्या शेजारी भाषा जाणणारा माणूस लागतो, आणि ज्या मुलांनी भाषाविज्ञानाबरोबर थोडं प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं त्यांना मी काम मिळताना पाहिलं आहे.

इंग्रजी अध्यापनाचं संशोधन मला या तिन्हींत सगळ्यात जवळचं. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. बारा वर्षं विषय शिकूनही मूल दोन वाक्यं बोलायला का कचरतं? 'सेमी इंग्लिश'च्या वर्गात बाई गणिताचं पुस्तक इंग्रजीतून वाचतात आणि समजावतात मराठीतून. त्या क्षणी मूल कोणत्या भाषेत विचार करतं? मराठीत उपपदं नाहीत, म्हणून आपली मुलं 'ए' आणि 'द' गाळतात. मग ते सरावानं सुधारतं की समजावून? आपल्या आजोबांच्या पिढीनं तर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढ्यात घेऊन, भाषांतर करत करतच इंग्रजी शिकलं. पुढच्या काळात वर्गात मातृभाषा नको असा दंडक आला, आणि आता जगभरचे अभ्यासक पुन्हा मातृभाषेच्या उपयोगाबद्दल बोलू लागले आहेत. ज्याच्या घरात हा सगळा इतिहास घडला त्यानं तो तपासावा, एवढंच माझं म्हणणं. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांत व्याकरणाऐवजी छोटी कामं देऊन इंग्रजी शिकवून पाहिलं. तो 'बंगळूर प्रकल्प' आज जगभर अभ्यासला जातो. कोथरूडमधल्या महापालिकेच्या शाळेतला वर्गही तितकाच मोलाचा आहे, फक्त तिथं वर्षभर बाकावर बसून नोंदी करणारं कुणीतरी हवं.

आता आईच्या वहीतले प्रश्न. तीन वर्षांची पदवी, दोन वर्षांचं एम.ए., त्यात किमान 55 टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत आहे), आणि पीएच.डी.ला किमान तीन, कमाल सहा वर्षं. मुलींना नियमातच दोन वर्षं जास्तीची मुभा आणि 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा आहे, तेव्हा लग्नाची धास्ती वहीतून खोडून टाका. म्हणजे अठराव्या वर्षी निघालेली मुलगी लवकरात लवकर सव्विसाव्या वर्षी पोचेल. साहित्यात अठ्ठावीस-एकोणतीस धरून चाला. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी केली तर एम.ए.शिवाय थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, पण माझा सल्ला आहे की साहित्याच्या विद्यार्थ्यानं ही घाई करू नये. वाचन मुरायला ती वर्षं लागतात.

पैशाचं गणित 'नेट'च्या परीक्षेवर फिरतं. त्यात ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि पुढे 42,000, शिवाय घरभाडं. 2024 पासून याच परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात. फेलोशिप हुकली तर पर्याय आहेत: पात्र विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती. त्यांच्या जाहिरातींवर आणि तारखांवर डोळा ठेवावा लागतो, पैसे उशिरा येण्याची तयारीही ठेवावी लागते. महाराष्ट्र-गोव्यासाठीची 'सेट' आपलंच विद्यापीठ घेतं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून दोन्ही परीक्षा देत राहावं.

नोकरीबद्दल गोड बोलून मी कुणाला फसवणार नाही. महाविद्यालयात कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, भत्ते वेगळे, आणि ते मिळालं तर आयुष्य सन्मानाचं जातं. पण कायम जागा थोड्या निघतात. नेट-सेट, पीएच.डी. सगळं हातात असलेली माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, 'सीएचबी'वर, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात दुचाकीवरून धावताना मी पाहतो आणि मला ते फार लागतं. त्यांतले काही माझे विद्यार्थी आहेत. म्हणून माझा आग्रह असतो की पीएच.डी.च्या काळातच दुसरं एक कौशल्य पक्कं करावं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन यांपैकी एक भाषा शिकावी. प्रकाशनगृहात संपादनाचं काम करून बघावं. शाळेच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण, पाठ्यपुस्तकांचं लेखन, केंद्र सरकारातल्या अनुवाद अधिकाऱ्याच्या परीक्षा (तिथं हिंदी-इंग्रजी चांगलं लागतं), न्यायालयांतली आणि राज्याच्या भाषा संचालनालयातली भाषांतराची कामं, असे रस्ते आहेत. एकाच दारासमोर दहा वर्षं उभं राहू नये.

मार्गदर्शक निवडताना मोठ्या नावापेक्षा वेळ देणारा माणूस पाहा. नियमानं प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे जागा मिळवायलाच खटपट पडते. त्या खटपटीत विषय बदलून घ्यायची पाळी येते आणि मुलं 'अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण' असला शंभरदा झालेला विषय गळ्यात बांधून घेतात. शोधगंगावर देशभरचे प्रबंध खुले आहेत. विषय ठरवण्यापूर्वी तिथं दोन आठवडे घालवा, काय होऊन गेलंय ते आपोआप दिसेल. आणि पैसे घेऊन आठ दिवसांत शोधनिबंध छापून देणाऱ्यांचा, प्रबंध 'करून देणाऱ्यांचा' फोन आला तर तो तिथल्या तिथे ठेवा. त्या एका व्यवहारानं पुढची सगळी वर्षं पोखरली जातात.

पालकांनी काय करावं? घरात मराठी चालू ठेवावी. हे मी तळमळीनं सांगतो, कारण इंग्रजी सुधारावं म्हणून घरात इंग्रजीच बोलणारी कुटुंबं आसपास वाढताना दिसतात, आणि पुढे तीच मुलं संशोधनाला आली की हाताशी दुसरी भाषा नसते. लंडनच्या विद्यार्थ्याला शेक्सपिअर आपल्यापेक्षा सहज वाचता येईल, पण तुकोबांचा अभंग, आजीची ओवी आणि पुण्यातल्या वर्गातलं इंग्रजी एकाच डोक्यात घेऊन बसलेला विद्यार्थी तिथं मिळणं अवघड. आपलं भांडवल हेच आहे. विदेशी भाषांतून थेट मराठीत आणलेलं साहित्य छापणारं 'केल्याने भाषांतर' पुण्यातूनच निघतं, मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन'ही. त्यांचे अंक घरी येऊ द्यात.

बोलता बोलता दोन तास गेले. वहीची चार पानं भरली होती. वडिलांनी शेवटी विचारलं, "म्हणजे हो म्हणू का नाही?" मी म्हटलं, इतक्यात दोन्ही नको. मुलीला एक काम दिलं. 'युगान्त' मराठी आणि इंग्रजी, दोन्ही मिळवायचं. त्यातलं गांधारीवरचं प्रकरण परिच्छेदाला परिच्छेद लावून वाचायचं. लेखिकेनं स्वतःच इंग्रजीत नेताना काय गाळलं, काय घातलं, कुठे वाक्य मोडलं, याच्या नोंदी करायच्या. मुदत एक महिना. हे करताना तिला कंटाळा आला तर तिघांनीही मोकळ्या मनानं दुसरं काही बघायचं.

काल संध्याकाळी कर्वे पुतळ्याजवळ तिची आई भेटली. म्हणाली, "सर, पहिल्या पाच पानांच्याच नोंदी अठरा पानं झाल्यात. आणि रात्री जेवताना ती यांनाही वाचून दाखवते."