नाथसागराचे सोबती

परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात चुडावा नावाचे गाव आहे. या तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. हीच गोदावरी वरच्या अंगाला, पैठणजवळ, एका विस्तीर्ण जलाशयात विसावलेली आहे. संत एकनाथांच्या नावावरून त्यास नाथसागर म्हणतात.

येथील जायकवाडी धरणाची कोनशिला 1965 साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली व 1976 साली धरणाचे उद्घाटन झाले. धरण सुमारे 10 किलोमीटर लांब असून त्यास 27 दरवाजे आहेत. त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी परभणी जिल्ह्यातील शेतांपर्यंत येते. अनेक गावांनी आपली घरेदारे व काळीभोर शिवारे पाण्याच्या स्वाधीन केली, तेव्हा हा सागर भरला.

माणसाने हा जलाशय शेतीसाठी बांधला. परंतु निसर्गानेही तेथे आपला संसार थाटला. काठच्या उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो. तेथे शेवाळ व पाणवनस्पती वाढतात. त्यांवर किडे, शंखशिंपले व मासे पोसतात आणि त्यांवर पक्षी जगतात. हिवाळ्यात चक्रवाक, क्रौंच, रोहित असे पाहुणे येथे उतरतात. पट्टकादंब नावाचे हंस तर हिमालय ओलांडून येतात. म्हणूनच 1986 साली हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला.

तथापि, घोषणेने रक्षण पुरे होत नाही. पाणी ओसरू लागले की काठची गाळाची जमीन उघडी पडते. तीत पीक घेण्यास गाळपेर म्हणतात. शेतकऱ्यास ही सुपीक जमीन हवी असते आणि पक्ष्यांनाही. कारण त्या चिखलातच त्यांचे अन्न असते. पिकास घातलेली खते व औषधे पुढे पावसाळ्यात पाण्यात मिसळतात. खतांमुळे शेवाळ बेसुमार माजते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो व मासे गुदमरतात. मग पक्षी उपाशी राहतात आणि कोळ्याचे जाळेही रिकामे येते. छत्रपती संभाजीनगर शहर हेच पाणी पिते, हेही विसरून चालणार नाही.

यात शेतकऱ्यास दोष देणे न्याय्य नव्हे. त्यासही पोट आहे. पण काठाचा काही पट्टा पक्ष्यांसाठी मोकळा ठेवता येईल, गाळपेरीत रासायनिक खते व औषधे टाळता येतील, आणि माशांच्या विणीच्या काळात जाळी आवरता येतील. यात थोडी झीज सोसावी लागेल, हे खरे. परंतु जे पाणी मासे व पक्षी यांना मानवत नाही, ते माणसालाही फार काळ मानवणार नाही.

स्वाध्याय
1. गाळपेरीतील खतांमुळे मासे कसे मरतात, ते क्रमाने लिहा.
2. काठच्या जमिनीवर शेतकऱ्याचा व पक्ष्यांचा हक्क कसा सांभाळता येईल? आपले मत सकारण मांडा.