टेलिफोनच्या तारेतील रिकामी जागा

२००५ साली आपल्याकडे टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड मोठ्या प्रमाणावर मिळू लागले. तेव्हा दूरच्या वाडीवरून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आमचा फोन खणखणीत चालतो. मग ब्रॉडबँड का मिळत नाही?" प्रश्न मोठा मार्मिक होता.

बोलणे समजण्यास ३०० ते ३४०० हर्ट्झ वारंवारतेचे संकेत पुरतात. त्यापलीकडचे संकेत टेलिफोन केंद्रात गाळले जात. म्हणून बोलण्याच्याच वाटेने जाणारा जुना मोडेम सेकंदाला ५६ हजार बिटांपुढे गेला नाही. शिवाय तो चालू असेतो फोन अडून राही. दोष तांब्याच्या तारेचा मात्र नव्हता!

'एडीएसएल' पद्धतीत त्याच तारेवर सुमारे ११ लाख हर्ट्झपर्यंतची जागा वापरतात. तिचे २५६ अरुंद पट्टे पाडतात. तळाचे पट्टे बोलण्यासाठी मोकळे ठेवतात. त्यांपुढचे थोडे माहिती पाठवण्यास आणि उरलेले ती घेण्यास देतात, कारण आपण पाठवतो त्यापेक्षा मागवतोच जास्त. मोडेम प्रत्येक पट्टा पारखतो. संकेत स्वच्छ असेल तेथे एका वेळी १५ पर्यंत बिट लादतो. गोंगाट फार असेल तो पट्टा सोडून देतो.

आता वाडीकडे वळू. वारंवारता जितकी जास्त, तितका संकेत तारेत लवकर क्षीण होतो. केंद्राजवळ सेकंदाला ८० लाख बिट मिळू शकतात; पाचेक किलोमीटरवर वरचे पट्टे गोंगाटात बुडतात. त्याहून दूर मोडेमच्या हाती काहीच लागत नाही. बोलणे मात्र तळाच्या पट्ट्यातले, ते सुखरूप पोहोचते.