चंचल क्ष-किरण आणि कृष्णविवराचा परिसर

सूर्याच्या लक्षावधी ते अब्जावधी पट वस्तुमानाची कृष्णविवरे बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी असतात, असे आज मानले जाते. त्यांपैकी पुष्कळशी शांत असतात. काही दीर्घिकांत मात्र भोवतालचा वायू कृष्णविवराकडे सतत ओढला जातो आणि तो इतका तापतो की, केंद्राचा इवलासा भाग साऱ्या दीर्घिकेतील ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशाशी स्पर्धा करू लागतो. यांना सक्रिय दीर्घिका म्हणतात. त्यांच्या एका वर्गाचे वर्णन कार्ल सेफर्ट यांनी १९४३ मध्ये केले. या दीर्घिकांचे क्ष-किरणांतील तेज स्थिर नसते. काही तासांत, क्वचित त्याहूनही कमी वेळात, ते लक्षणीय बदलते. जे दुर्बिणीतून केवळ एक ठिपका दिसते, त्याचा आकार या चंचलतेवरून कसा ठरवता येतो, हे आता पाहू.

एक कल्पना करू. रायपूरच्या सदर बाजारात सराफांची दुकाने रस्त्याच्या दुतर्फा आहेत. या रस्त्याचा ३४० मीटर लांबीचा एक सरळ भाग घेऊ. तेथील सर्व दुकानदारांनी ठरलेल्या क्षणी आपापली शटरे खाली ओढली, तरी रस्त्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला एकच खणखणाट ऐकू येणार नाही. जवळच्या दुकानाचा आवाज आधी येईल, पलीकडच्या टोकाचा एक सेकंद उशिरा; कारण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसालाही आवाज किती वेळ रेंगाळला यावरून रस्त्याच्या लांबीची कमाल मर्यादा सांगता येईल.

ध्वनीच्या जागी प्रकाश घेतला की हाच न्याय आकाशातील वस्तूंना लागू पडतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लक्ष किलोमीटर आहे. एखाद्या केंद्राचे तेज १०,००० सेकंदांत, म्हणजे तीन तासांहून थोड्या कमी वेळात, दुप्पट झाले, तर त्या उगमाचा विस्तार ३०० कोटी किलोमीटरांहून फारसा मोठा असू शकत नाही. सूर्यापासून नेपच्यून सुमारे ४५० कोटी किलोमीटर दूर आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या निष्कर्षाचे महत्त्व कळते. मात्र उगम आपल्याच रोखाने जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने येणारा झोत असेल, तर हा हिशेब बदलावा लागतो.

कृष्णविवराची त्रिज्या त्याच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते: सूर्याएवढ्या वस्तुमानास ३ किलोमीटर. एक कोटी सूर्यांच्या कृष्णविवराची त्रिज्या ३ कोटी किलोमीटर होईल आणि ती ओलांडण्यास प्रकाशाला १०० सेकंद लागतील. दहा सूर्यांच्या कृष्णविवराबाबत हाच काळ सेकंदाचा दहा-हजारावा भाग भरतो. म्हणून मोठ्या विवराभोवतीचे बदल सामान्यतः संथ असतात.

हे क्ष-किरण निर्माण कसे होतात? पडणारा वायू विवराभोवती चकतीच्या रूपाने फिरतो. ही चकती मुख्यतः जंबुपार व दृश्य प्रकाश देते. तिच्या आतील भागाजवळ अतितप्त इलेक्ट्रॉनांचा विरळ मेघ असतो. त्याला किरीट म्हणतात. चकतीतील फोटॉन किरीटातील इलेक्ट्रॉनांवर आदळून ऊर्जा मिळवतात व क्ष-किरण बनतात. येथेच खरा वादाचा प्रश्न उभा राहतो: चकतीतील बदलांमुळे किरीट बदलते, की किरीटाच्या क्ष-किरणांनी चकती तापून उजळते?

दोन्ही दिशांचे पुरावे मिळाले आहेत. १एच ०७०७-४९५ या दीर्घिकेत चकतीवरून परावर्तित झालेले क्ष-किरण मूळ किरणांमागून सुमारे ३० सेकंदांनी येतात, असे २००९ मध्ये दाखवले गेले. हा विलंब जणू विवराच्या अगदी निकटचा प्रतिध्वनीच होय. दुसरीकडे, आयसी ४३२९ए या दीर्घिकेची २०१७ मध्ये भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाने निरीक्षणे केली. त्यांवरून असे दिसले की, जंबुपार प्रकाश वाढला की किरीट थंडावते आणि क्ष-किरणांत कमी ऊर्जेच्या किरणांचे प्रमाण वाढते. अधिक फोटॉन आले की ते इलेक्ट्रॉनांची अधिक ऊर्जा काढून नेतात, हे त्याचे कारण.

असे निष्कर्ष काढण्यास जंबुपार व क्ष-किरण एकाच वेळी पाहणे आवश्यक असते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेला अ‍ॅस्ट्रोसॅट नेमका त्यासाठीच रचला होता. त्यावरील क्ष-किरणांची दोन प्रमुख उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. निरीक्षकांना साहाय्य करणारे केंद्र पुण्याच्या ‘आयुका’त उभे राहिले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा हेतूच मुळी विद्यापीठांतील अभ्यासकांना अशी साधने उपलब्ध करून देण्याचा होता. निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. त्यामुळे रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठासारख्या ठिकाणचा विद्यार्थीही, स्वतःची दुर्बीण नसताना, तेजाच्या चढउतारांचा आलेख मांडून अदृश्य विवराच्या परिसराचे मोजमाप करू शकतो.